सहाव्या गाण्याची झीज

वैद्याचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ होतं, पण त्याला ते ऐकू यायचं नाही. बायको कोपरानं ढोसायची, तो उठायचा. चहा, जाड बूट, खिशात दांडा. सव्वाचारला घराबाहेर आणि पाचला कागद कारखान्याच्या ड्रायर हॉलमध्ये. सत्तावीस वर्षांत त्याला तीनदा उशीर झाला होता आणि तिन्ही वेळची कारणं त्याला पाठ होती.

खरं तर तो फिटर होता. हॉलमध्ये माणसापेक्षा उंच असे चाळीस तापलेले लोखंडी रोळ ओळीनं फिरत आणि ओला कागद त्यांच्यावरून वाळत पुढे जाई. प्रत्येक रोळाला दोन बेअरिंग. त्यातलं एक जरी धरलं, म्हणजे फिरताना अडकलं, तरी कागद फाटतो आणि सगळी ओळ थांबते. वैद्याचं काम ही ऐंशी बेअरिंगं ऐकायचं. त्यासाठी त्याच्याकडे दीड वीत लांब पोलादी दांडा होता, एका टोकाला लाकडी गोटी. टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, गोटी कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. कोणतं तेल मागतंय, कोणतं महिनाभर टिकेल, कोणतं आज रात्रीच जाईल, हे तो सांगायचा आणि बहुतेक तसंच व्हायचं. नाडी बघतो म्हणून वैद्य.

कान त्याचे केव्हाच गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांचे, मग पोरांचे. दांड्यातून, हाडातून मात्र जड आवाज अजून नीट यायचा. हॉलमध्ये सगळेच अर्धे बहिरे. तिथे कुणी काही बोललं की मान हलवायची रीत होती. ऐकू आलं की नाही हे कुणी विचारत नसे. बोलणाऱ्याचा खोळंबा होऊ नये, एवढंच. काम खरंच महत्त्वाचं असलं तर तो खांद्याला धरून ओढत नेऊन दाखवील. ही मान वैद्य घरीही तशीच घेऊन यायचा, अंगाला लगद्याचा वास यावा तशी.

घरात बायको आणि धाकटी मुलगी. थोरली लग्न होऊन दूर गेली होती. बायको लाँड्रीत आठ ते दोन इस्त्री करायची. धाकटी पंधरा वर्षांची. तिला बारकी म्हणत. तेराव्या वर्षी बारकी म्हणजे तोफखाना होता. दारं आपटणं, ताट सरकवणं, आईला एकाला दोन ऐकवणं. पंधरावं लागलं आणि ती निवळली. भांडण नाही, हट्ट नाही. जेवण कमी झालं, पण त्याबद्दलही कुरकुर नाही. कानांवर हेडफोन लावून कॅसेट ऐकत पडलेली असायची. वैद्य कारखान्यात अभिमानानं सांगायचा, "आमची बारकी आता तेल दिल्यासारखी चालते." ऐकणारे मान हलवायचे.

एका मंगळवारी शाळेची चिठ्ठी आली. वरच्या वर्गातल्या एका मुलीनं जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. ती वाचली, इस्पितळात होती. तिच्या दप्तरात एक परदेशी कॅसेट सापडली, अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात त्यातली. तीच कॅसेट आणखी पाच घरांत आहे असं मुख्याध्यापिकाबाईंना कळलं होतं. त्या पाच घरच्या पालकांनी ती स्वतः ऐकावी आणि या वयाच्या मुलांसाठी ती योग्य की अयोग्य हे सोमवारपर्यंत लेखी कळवावं. अयोग्य असल्यास शाळेत जमा करावी.

बायकोनं चिठ्ठी वाचली, प्लेअरमधून कॅसेट काढली आणि पिठाच्या डब्यात तळाशी खुपसली. बारकी दारात उभी राहून बघत होती. ती काहीच बोलली नाही. वळली आणि खोलीत गेली. बायको वैद्याच्या तोंडासमोर येऊन मोठ्यानं म्हणाली की बघा, मी समजत होते आकांडतांडव करील, पण शहाणी आहे हो पोर. वैद्यालाही तसंच वाटलं.

संध्याकाळी बायकोचा भाऊ आला. तो कचेरीत कारकून होता. कागद कोणताही असो, सही करून पुढे सरकवला की तो आपला राहत नाही, एवढं त्याला नोकरीनं शिकवलं होतं.

"दाजी, अयोग्य लिहा आणि मोकळे व्हा. बाकी चौघांनी तेच लिहिलंय."

"त्यांनी ऐकली?"

"ऐकायची कशाला? कव्हरवरची तोंडं बघा. चौघांत मिळून एक कंगवा नाही."

वैद्य म्हणाला की न ऐकता सही करणार नाही. मेहुणा हसला. बहिऱ्याला गाणं तपासायला दिलंय, असं तो बहिणीला हळूच म्हणाला. ते वैद्यानं त्याच्या ओठांवरून वाचलं. त्याला राग आला नाही. पण कारखान्यात दोन फिटर असे होते, जे खुर्चीत बसून तपासणीच्या वहीत ऐंशी खुणा करून मोकळे होत. वैद्य त्यांच्याबरोबर चहा पीत नसे.

बुधवारी पाळी संपवून तो घरी आला. बारकी पाचला यायची. तोवर तीन तास होते. त्यानं कॅसेट पिठातून काढली, फुंकली, फडक्यानं पुसली, प्लेअरमध्ये घातली. हेडफोन काढून प्लेअरचा स्पीकर चालू केला, त्याच्या जाळीवर दांडा टेकवला आणि गोटी कानामागे लावली.

पहिल्या बाजूला पाच गाणी, शेवटी थोडी फीत कोरी. रिकाम्या टाकीत साखळदंड टाकून कुणी टाकी गडगडवावी तसा आवाज. वैद्यानं तो मशीन ऐकावं तसा ऐकला, एक एक भाग सुटा करून. ढोल बडवणारा कामाचा माणूस होता. पाच गाण्यांत एकदाही त्याचा हात सैल पडला नाही. जाड तारांवाला त्याच्या बरोबरीनं. ओरडणाऱ्या पोराचे शब्द परक्या भाषेतले, आणि तसेही ते वैद्याला कळले नसते. पण तो घसा राखून ओरडत नव्हता, हे हाडातून कळत होतं. कामचुकार नाहीत पोरं, वैद्यानं मनात नोंद केली.

त्यानं बाजू पालटली. दुसऱ्या बाजूचं पहिलं, म्हणजे सहावं गाणं संथ होतं. आणि ते डुलत होतं. सूर खाली बसायचा, पुन्हा वर यायचा, बेअरिंग आसापासून हलावं तसा. प्लेअरचा दोष, वैद्य म्हणाला. गुरुवारी त्यानं प्लेअर खोलला. आतला रबरी पट्टा पुसला, चाकाला तेलाचा एक थेंब दिला, पुन्हा जोडला. पहिली बाजू सरळ वाजली. सहावं गाणं डुललं. सातवं पुन्हा सरळ. म्हणजे प्लेअर चांगला होता. त्यानं पेन्सिलीनं चक्री फिरवून फीत त्या जागी आणली आणि भिंगाखाली धरली. बाकी फीत तुकतुकीत होती. तेवढाच तुकडा मळका, ताणलेला, कडेला चुण्या पडलेला.

वैद्याला गाण्यातलं कळत नव्हतं, पण झीज कळत होती. जिथं भार येतो तिथं वस्तू झिजते. कुणीतरी ही फीत त्याच एका जागी शेकडो वेळा मागे फिरवली होती. अकरा गाण्यांची कॅसेट, आणि पोरीनं वापरलं होतं एकच.

शुक्रवारी नऊच्या सुटीत त्यानं कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद स्टोअरकीपरपुढे ठेवला. त्यावर सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले होते. मशीनची परदेशी पुस्तकं वाचून वाचून स्टोअरकीपरला ती भाषा येत होती. वयानं वैद्याहून मोठा, एकटा, बाराही महिने मफलर. त्यानं चष्मा पुसला आणि वरचे शब्द वाचले.

"अल्टरनेटिव्ह. म्हणजे पर्यायी. मूळ माल शिल्लक नसला की आपण देतो, तो."

मग तो सुट्या भागांची यादी वाचावी तशी गाणी वाचत गेला. पहिलं, बापाला शिव्या. दुसरं, सगळ्यांना शिव्या. हे मी तुला वाचून दाखवणार नाही, पण मोजल्या, चौदा आहेत. तिसरं, मास्तराला. चौथं काय आहे ते त्यालाच ठाऊक. असं करत तो सहाव्यावर आला आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"हे सभ्य आहे. शिवी नाही, आरडाओरड नाही. अंगाईच म्हण. ऐक. सगळं आवरून ठेवलंय. घड्या घातल्यात. ज्याचं त्याला परत दिलंय. दिवा मीच मालवेन, तुम्ही उठू नका. उद्यापासून कुणाला माझ्यासाठी थांबावं लागणार नाही." त्यानं कागदाची घडी घातली. "बाकी दहा अयोग्य लिही. हे एक योग्य."

वैद्य त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. गेल्या रविवारी बारकीनं कपाट आवरलं होतं; बायकोनं शेजारणीला बोलावून दाखवलं होतं. शेजारच्या मुलीची वर्षभर पडून असलेली पुस्तकं परत गेली होती. निळा स्वेटर, जो ती कुणाला हात लावू देत नसे, त्याच मुलीला देऊन टाकला होता. आणि मंगळवारी कॅसेट पिठात गेली तेव्हा ती दारात उभी होती, बोलली नव्हती.

हॉलमध्ये नवा शिकाऊ आला की वैद्य त्याला पहिला धडा एकच द्यायचा. खडखडणारं बेअरिंग आपोआप गप्प झालं तर बरं झालं म्हणायचं नाही. आतल्या गोळ्या झिजून गुळगुळीत झाल्या, म्हणून ते गप्प झालंय. आता ते केव्हाही धरेल. सत्तावीस वर्षं त्यानं हे पोरांच्या डोक्यात हातोडीनं ठोकलं होतं.

तो उठला आणि चालू लागला. फाटकाशी पोचेपर्यंत तो पळत होता. बाराव्या रोळाचं बेअरिंग पहाटेपासून ग्रीस मागत होतं. ग्रीसचा डबा त्यानं शिडीवर काढून ठेवला होता, तो तिथंच राहिला. कुणाला सांगायचंही राहिलं.

शाळा दीड मैलावर. बावन्न वर्षांचं अंग, जाड बूट. शाळेच्या कारकूनबाईंनी हजेरीवर बोट ठेवून दाखवलं: आज आलेली नाही, पोट दुखतं अशी आईची चिठ्ठी आहे. चिठ्ठीवरचं अक्षर बारकीचं होतं. तिथून घर आणखी अर्धा मैल. या अर्ध्या मैलाचं पुढे त्याला काहीच आठवेना. एक बाई पिशवी घेऊन आडवी आली होती, एवढंच.

खोलीला आतून कडी होती. त्यानं हाक मारली. पुन्हा मारली. आतून उत्तर आलं असलं तरी ते त्याला ऐकू येणारं नव्हतं, आणि आलं नसलं तरी त्याला कळणारं नव्हतं.  मग त्यानं खिशातून दांडा काढला, टोक दारावर टेकवलं, गोटी कानामागे लावली.

आधी त्याला स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू आले. त्यानं श्वास रोखला. काही नाही. त्यानं टोक सरकवून चौकटीच्या खाली, जमिनीलगत टेकवलं. बारकीच्या पलंगाची एक फळी सैल होती. दोन वर्षं ती ठोकायची राहिली होती. ती दबली आणि ठक वाजली.

दार बाहेर उघडणारं होतं, बिजागऱ्या त्याच्या बाजूला. त्यानं बूट काढला, दांड्याचं टोक बिजागरीच्या खिळीखाली लावलं आणि टाचेनं हाणलं. दांड्यानं कधी ठोकायचं नसतं. एका शिकाऊनं ठोकलं होतं, तेव्हा वैद्य त्याच्याशी आठवडाभर बोलला नव्हता. तीन खिळ्या निघाल्या. दार त्यानं अंगावर घेतलं आणि भिंतीला टेकवलं.

ती पलंगावर बसली होती. खोली तपासणीला साहेब यायचा असावा तशी नीटनेटकी. तिच्या मुठीत जे होतं ते त्यानं आधी काढून घेतलं आणि खिशात टाकलं. ते काय होतं हे त्यानं पुढे डॉक्टरांशिवाय कुणाला सांगितलं नाही. मग तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, तिचे ओठ दिसतील असा.

"बाबा, तुमची पाळी आहे ना?"

"आहे."

"मग?"

"सहावं गाणं ऐकलं. तिथंच झिजलीय फीत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"दांड्यानं येतं."

 मग तिचे ओठ हलले. ती रडत नव्हती, आणि वैद्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं. उन्हाळ्यात. तुम्ही जेवत होता. मी म्हटलं, बाबा, मला जगावंसं वाटत नाही. तुम्ही मान हलवलीत. बरं म्हणालात आणि पाणी मागितलंत."

वैद्यानं आठवून पाहिलं. उन्हाळ्यातली जेवणं एकेक करून डोळ्यांपुढे आणली. काही सापडलं नाही. ऐकू आलं नव्हतं, हे खरं होतं. पण कारण म्हणून ते तिच्यासमोर तोंडातून काढण्याजोगं नव्हतं. पोरीनं तिला उचलता येत नव्हतं ते त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवलं होतं, आणि त्यानं पावती द्यावी तशी मान हलवली होती.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी त्यानं मान हलवली नाही.

बायको दोनला आली तेव्हा दोघं तशीच बसलेली होती आणि दार भिंतीला टेकलेलं होतं. तिला सांगायला वैद्याला पाच शब्द लागले. ती खाली बसली. मग उठली, कॅसेट घेऊन चुलीकडे निघाली. वैद्यानं तिचा हात धरला. ही नसती तर कळलं नसतं, तो म्हणाला. त्याच संध्याकाळी ती तिघं डॉक्टरकडे गेली.

बाराव्या रोळाचं बेअरिंग साडेअकराला धरलं. ओळ सात तास बंद होती. फोरमननं शनिवारी कारण विचारलं. घरी काम होतं, वैद्य म्हणाला. जास्त सांगितलं असतं तर कदाचित सोडलं असतं, पण जागा सोडली हे खरंच होतं. त्याला हॉलमधून काढून आवारात गठ्ठे वाहायला लावलं, खालच्या पगारावर. बावन्नाव्या वर्षी तो तिशीतल्या पोरांबरोबर गठ्ठे उचलू लागला आणि एकही कमी उचलला नाही.

सोमवारी त्यानं शाळेला कागद दिला. लिहिलं होतं: "कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. पहिली बाजू शिवराळ आहे. तिचं भय वाटत नाही. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सभ्य आहे. ते आपलं मूल किती वेळा ऐकतं, हे आईबापांनी पाहावं. कॅसेट जमा करू नये." मुख्याध्यापिकाबाईंनी कागद वाचला आणि परत त्याच्यापुढे सरकवला. योग्य की अयोग्य, एक शब्द लिहा, म्हणाल्या. वैद्यानं थोडा विचार केला. कारखान्यात खोललेल्या मशीनवर पाटी टांगतात, तेच शब्द त्यानं खाली लिहिले: "काम चालू आहे." इस्पितळातल्या मुलीच्या आईवडिलांनाही हे सांगा, असं म्हणून तो निघाला. मेहुण्यानं ऐकलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. एक शब्द लिहायचा होता हो दाजी. वैद्य म्हणाला, दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तो तुमचा एक शब्द.

पुढचं सोपं नव्हतं. मनाचा डॉक्टर दुसऱ्या शहरात, दर गुरुवारी, बसनं सव्वादोन तास. हिवाळ्यात बारकी दोनदा पुन्हा तशीच गप्प झाली आणि दोन्ही वेळा नवरा-बायकोनं आळीपाळीनं तिच्या उंबऱ्यावर बसून रात्री काढल्या. दार पुन्हा बसवलं नाही. तिथे पडदा आला. दांडा ठोकून ठोकून टोकाशी वाकला होता, त्यातून आता नीट ऐकू येत नसे. वैद्यानं मान हलवणं सोडलं. कुणीही बोललं की तो म्हणायचा, पुन्हा बोल. आवारातली पोरं वैतागायची. वैद्य तीनदा विचारायचा. कानाच्या यंत्रासाठी चार वर्षं पैसे बाजूला काढले होते, ते पहिल्या हिवाळ्यातच डॉक्टरकडे गेले.

सव्वा वर्षानं कॅसेट तुटली. सहाव्या गाण्यावरच. बारकी दोन टोकं हातात धरून बाहेर आली. वैद्य म्हणाला, चिकटपट्टीनं जोडून देतो.

"नको. नवीन आणा."

त्यानं आणली. तीच, त्याच चार तोंडांची. बारकी आता हेडफोनशिवाय लावायची. पहिल्या बाजूचं दुसरं गाणं सुरू झालं की बायको स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि भांडी जरा जोरानं घासायची. बारकी आईला पुन्हा एकाला दोन ऐकवू लागली होती. एकदा तिनं ताट सरकवलं. बायको रडली, कशासाठी ते तिलाच सांगता आलं नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारी घरी कुणी नव्हतं. वैद्यानं वाकडा दांडा स्पीकरला टेकवला. आवाज अर्धामुर्धाच आला, पण झीज कळायला तेवढा पुरला. सहावं गाणं सरळ वाजलं. मग त्यानं बाजू पालटली. चौदा शिव्यांचं दुसरं गाणं बसत होतं, उठत होतं, चांगलंच डुलत होतं. त्यानं ते दोनदा ऐकलं. महिन्याभरात ती फीत तिथंच तुटणार, हे कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

ती तीन आठवड्यांत तुटली. त्या महिन्याच्या चारही रविवारी वैद्यानं आवारात जादा पाळी केली. त्यातून भागलं ते एवढं: डॉक्टरांचे दोन गुरुवार, बसची दोन माणसांची जायची-यायची तिकिटं, आणि तिसरी कॅसेट.